'आपल्याला कोण घेणार?' मनातल्या या कहाणीची उलटतपासणी कशी करायची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांत मोबाइलवर एखादी लिंक येऊन पडते. कधी शिष्यवृत्तीची, कधी पोलीस भरतीची, कधी स्पर्धा परीक्षेच्या मोफत क्लासची. मुलगा किंवा मुलगी ती दोन-तीनदा उघडून बघते. अम्मी म्हणते, "भरून तर बघ." मग कुणी चाचा, कुणी शेजारी, आणि बऱ्याचदा आपलंच मन म्हणतं, "छोड ना, अपने लोगां को कौन लेता?" सायबर कॅफेत जायचं राहून जातं आणि शेवटची तारीख निघून जाते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या सगळ्या प्रकारात नकार कुणीच दिलेला नाही. कोणत्याही अधिकाऱ्याने फाइल परत पाठवली नाही, कोणत्याही परीक्षेत कुणी नापास झालं नाही. अर्ज पोहोचलाच नाही. नकार आपणच दिला, तोही स्वतःला.

असा नकार देणारी काही वाक्यं आपल्या घरांत वर्षानुवर्षं फिरत असतात. "पढ-लिखके कौनसा कलेक्टर बननेवाला है?" "आपल्या खानदानात गणित कुणाला आलंय?" "पोरगी जास्त शिकली तर जोडीचा मुलगा कुठून आणायचा?" "मराठी आपली भाषा नाही, त्यात आपण मागेच राहणार." ही वाक्यं कुणी मुद्दाम शिकवत नाही. जेवताना, लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर ती कानावर पडत राहतात. पुढे ती आपल्याच आवाजात डोक्यात वाजू लागतात, तेव्हा तो विचार उसना आहे हे आपण विसरून जातो.

या लेखात आपण दोन गोष्टी बघू. अशा नकारात्मक कहाण्या मनात तयार कशा होतात, आणि त्यांची उलटतपासणी कशी करायची.

घटना एक, तिचा अर्थ दुसरा

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास एक साधी पण महत्त्वाची मांडणी केली. आपल्याला वाटतं, घटना घडली म्हणून आपण खचलो. एलिस म्हणाले, मध्ये एक पायरी असते. घटना घडते, आपण तिचा काहीतरी अर्थ लावतो आणि त्या अर्थामुळे मनाची अवस्था ठरते. चाचणी परीक्षेत कमी गुण मिळाले ही घटना. एक मुलगी म्हणते, "या धड्याची तयारी कमी पडली." दुसरी म्हणते, "मी मठ्ठच आहे." गुण दोघींना सारखेच असतात. पहिली संध्याकाळी पुस्तक उघडते, दुसरी शिकवणीला जायचं बंद करते.

त्यानंतर काही वर्षांनी, १९६०च्या दशकात, फिलाडेल्फियामध्ये मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक नैराश्याच्या रुग्णांवर काम करत होते. या रुग्णांच्या मनात काही वाक्यं झटकन आणि आपोआप येतात, असं त्यांच्या लक्षात आलं. 'माझ्याकडून काहीच होणार नाही', 'लोकांना मी नकोसा आहे', अशी ती वाक्यं. ती इतक्या वेगात येऊन जातात की माणूस त्यांना विचार म्हणून ओळखतच नाही, थेट सत्य मानतो. ही वाक्यं पकडायची, कागदावर उतरवायची आणि पुराव्यावर घासून बघायची, या पद्धतीवर बेक यांनी उपचार उभा केला. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या मानसोपचारांत त्याचं स्थान मोठं आहे.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. एलिस यांचा विचार मराठीत आणण्यासाठी कि. मो. फडके यांनी हयातभर काम केलं. 'विवेकनिष्ठ' हा शब्द मराठी वाचकांना त्यातूनच ओळखीचा झाला. ठाण्यातले डॉ. आनंद नाडकर्णी यांनीही हा विचार पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून सामान्य घरांपर्यंत नेला.

आपल्या वाचकांसाठी यातला एक जुना दुवा मोलाचा आहे. बल्ख, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या शहराच्या परिसरात, नवव्या शतकात अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान जन्मले. ९३४ मध्ये त्यांचं निधन झालं. 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या ग्रंथात त्यांनी शरीराच्या आरोग्याबरोबर मनाच्या आरोग्यावर स्वतंत्र भाग लिहिला. भीती, राग, दुःख आणि सतावणारे विचार असे मनाचे त्रास त्यांनी वेगवेगळे मांडले. अचानक येणाऱ्या दुखण्यासाठी आपण घरात औषध तयार ठेवतो. त्याचप्रमाणे मन शांत असताना चांगले, खरे विचार जमवून ठेवावेत, म्हणजे कठीण प्रसंगी ते कामी येतात, असा त्यांचा सल्ला होता. हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या मानसोपचाराच्या फार जवळ जातो. मनाच्या इलाजाला 'ही तर बाहेरून आलेली फॅशन' म्हणणाऱ्यांनी बल्खींचं नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.

कहाणीतला खरा भाग

आता कुणी म्हणेल, "हे सगळं ठीक आहे. पण आपल्या बाबतीत ही नुसती मनातली कहाणी आहे का? भेदभाव होतच नाही का?"

होतो. तो झाकून ठेवून पुढे जाता येणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबतीत नेहमी सांगितला जातो. त्यांनी खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त अर्जावरची नावं वेगळी ठेवली. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला त्याहूनही कमी.

तेव्हा "आपल्याला कोण घेणार?" या वाक्यात अनुभव आहे, वेदना आहे. ज्याने ते सोसलं त्याला "तू फार निगेटिव्ह विचार करतोस" असं म्हणणं हा अन्याय ठरेल.

पण इथेच जरा थांबून बघू. 'अडथळा आहे' हे एक वाक्य आणि 'काही उपयोग नाही' हे दुसरं वाक्य. पहिल्याला पुरावा आहे. दुसरं वाक्य म्हणजे त्या पुराव्यावरून मनाने घाईत दिलेला निकाल. पहिल्या वाक्यातून प्रश्न निघतात: कुठे अर्ज करू? तयारी किती वाढवू? तक्रार कुठे करू? मदत कुणाची घेऊ? दुसरं वाक्य या सगळ्या प्रश्नांवर पडदा टाकतं.

ओळख उच्चारली आणि कोडी सुटेनात

हा निकाल मनात पक्का बसला की माणसाच्या कामावर किती परिणाम होतो, हे दाखवणारा एक प्रयोग उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत झाला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी २००४ मध्ये तो मांडला. उच्च मानल्या गेलेल्या जातींची ३२१ आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींची ३२१ अशी शाळकरी मुलं त्यात होती. मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायची होती आणि सुटलेल्या कोड्यांनुसार पैसे मिळणार होते.

कुणाचीच जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दोन्ही गटांच्या कामात फरक दिसला नाही. मग सगळ्यांसमोर मुलांची नावं जातीसकट वाचून दाखवण्यात आली. त्यानंतर खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी स्पष्ट घसरली. एक क्षण आधी मुलांची जी बुद्धी होती, तीच नंतरही होती. बदललं ते त्यांच्या अपेक्षेत. आता आपल्याकडे पूर्वग्रहाने बघितलं जाईल, असं त्यांना वाटू लागलं होतं.

यात दोष मुलांचा मुळीच नाही. ती अपेक्षा समाजाने त्यांना दिलेल्या अनुभवातून आली होती. आपल्या मुलांना हा प्रयोग लागू होतोच असं सरळ म्हणता येणार नाही, पण त्यातून एक इशारा नक्की मिळतो. बाहेरचा अन्याय आत शिरून आपली कहाणी बनला, की अन्याय करणारा समोर नसतानाही तो आपलं नुकसान करत राहतो. म्हणून बाहेरच्या अन्यायाशी लढायचं आणि आतली कहाणीही तपासायची. ही दोन्ही कामं बरोबरच करावी लागतात.

सच्चर अहवालातली मागे पडलेली ओळ

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६च्या नोव्हेंबरमध्ये आला. त्यानंतर आपण तो मुख्यतः एका कारणासाठी उद्धृत करत आलो: आपण किती मागे आहोत हे सांगण्यासाठी. ते आकडे खरे आहेत आणि सरकारसमोर मांडलेच पाहिजेत. पण त्याच अहवालात एक नोंद आहे, जी आपल्या घरांत क्वचितच बोलली जाते.

नागरी सेवांच्या २००३ आणि २००४च्या लेखी परीक्षांना बसलेल्या उमेदवारांमध्ये मुस्लिम फक्त ४.९ टक्के होते. लोकसंख्येतला वाटा मात्र १३.४ टक्के होता. आता पुढचा भाग बघू. जे बसले, त्यांच्या यशाचं प्रमाण इतर उमेदवारांइतकंच होतं. म्हणजे बसलेल्यांना यश मिळत होतं, बसणारेच थोडे होते.

थोडे का होते, याची कारणं अनेक आहेत. गरिबी, मध्येच सुटणारी शाळा, मार्गदर्शनाचा अभाव, क्लासची फी. सगळा दोष मनातल्या कहाणीवर टाकता येणार नाही. पण "अपने लोगां को कौन लेता?" म्हणून ज्यांनी फॉर्मच भरला नाही, त्यांच्यासमोर हा आकडा ठेवायला हवा.

याच अहवालाने आणखी एक समज खोडून काढला. आपली बहुतेक मुलं मदरशातच जातात, असं बाहेरचे म्हणतात आणि ऐकून ऐकून आपणही मानू लागतो. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी देशपातळीवर सुमारे ३ टक्केच मदरशात जातात, असं समितीला आढळलं. आपल्याबद्दलची कहाणी दुसऱ्याने लिहिलेली असली तरी ती तपासायची जबाबदारी आपलीच राहते.

'मराठी आपली नाही' याचं काय?

ही कहाणी तपासायला फार लांब जावं लागत नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सतराव्या शतकातले संतकवी, त्यांचा 'योगसंग्राम' मराठीतच आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या डफाने मैदानं भरली, ते शाहीर अमर शेख बार्शीचे. १९९० मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण, संतसाहित्याचे अभ्यासक. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही भरलं.

जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख मराठी माध्यमात शिकले. वडील रिक्षा चालवायचे. २०१५च्या नागरी सेवा परीक्षेत वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी ३६१वा क्रमांक मिळवला. पुण्यात शिकायला आल्यावर नावामुळे खोली मिळत नव्हती, म्हणून मित्राचं नाव सांगून राहावं लागलं, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. त्यांच्या या प्रवासात दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. खोली नाकारली गेली हे खरं होतं. त्यावरून 'परीक्षेतही नाकारतील' असा निकाल त्यांनी काढला नाही.

कागद, पेन आणि पंधरा मिनिटं

उलटतपासणी डोक्यातल्या डोक्यात होत नाही. तिथे मनच फिर्यादी असतं आणि न्यायाधीशही तेच असतं. म्हणून कागद लागतो. एक उदाहरण घेऊ. समजा, बी.कॉम. झालेल्या एका मुलाने दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. दोन्हीकडून उत्तर आलं नाही. तो घरी येऊन म्हणतो, "नाव ऐकूनच काढलं. आता कुठेही अर्ज करून उपयोग नाही."

पहिली पायरी: वाक्य जसंच्या तसं लिहायचं. सौम्य करायचं नाही, सजवायचं नाही. मनात जे आलं तेच उतरवायचं.

दुसरी पायरी: घटना आणि निकाल वेगळे करायचे. घटना एवढीच, की दोन मुलाखती झाल्या आणि उत्तर आलं नाही. 'नाव ऐकून काढलं' हा अंदाज आहे. 'कुठेही उपयोग नाही' हा निकाल आहे.

तिसरी पायरी: दोन्ही बाजूंचे पुरावे लिहायचे. एका ठिकाणी 'राहता कुठे?' हा प्रश्न दोनदा विचारला आणि उत्तर ऐकून बोलण्याचा सूर बदलला. हा अंदाजाच्या बाजूचा पुरावा, तो प्रामाणिकपणे लिहायचा. दुसऱ्या ठिकाणी जीएसटीचा प्रश्न आला आणि उत्तर देता आलं नाही. हा दुसऱ्या बाजूचा. म्हणजे पहिल्या ठिकाणी कदाचित भेदभाव झाला, दुसऱ्या ठिकाणी तयारी कमी पडली. एकाच कहाणीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या, त्या आता सुट्या झाल्या.

चौथी पायरी: मोठे शब्द शोधायचे. कायम, कुठेही, कुणीच, सगळे, कधीच नाही. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी खचलेल्या मनाच्या बोलण्यात तीन सवयी दाखवून दिल्या. एक, ही अडचण कायमची आहे असं मानणं. दोन, ती आयुष्यात सगळीकडे पसरली आहे असं मानणं. तीन, सगळा दोष स्वतःचाच आहे असं मानणं. आपल्या वाक्यात असा शब्द सापडला की त्याच्याखाली रेघ मारायची आणि विचारायचं, हे दोन मुलाखतींवरून कळलं का?

पाचवी पायरी: हेच वाक्य धाकट्या भावाने म्हटलं असतं तर आपण काय सांगितलं असतं? बहुतेक वेळा दुसऱ्याला आपण जास्त न्यायाने वागवतो. तेच उत्तर स्वतःसाठी लिहायचं.

सहावी पायरी: नवं वाक्य लिहायचं, पण खरं. 'मला नोकरी नक्की मिळणार' हे लिहू नये, मनाला ते पटत नाही आणि दोन दिवसांत कोसळतं. या मुलाचं नवं वाक्य असं असू शकतं: "काही ठिकाणी माझ्या नावाची अडचण होईल. सगळीकडे होईल असं दोन मुलाखतींवरून म्हणता येत नाही. जीएसटीचं काम मला शिकता येतं."

सातवी पायरी: छोटा प्रयोग करायचा. एक महिना ठरवून दहा अर्ज करायचे. वहीत तारीख, कंपनी, काय विचारलं आणि काय उत्तर आलं, हे लिहायचं. महिन्याने वही बघायची. कहाणी खरी ठरली तर आपल्या हातात अंदाजाच्या जागी नोंदी असतील आणि पुढचं पाऊल त्यावरून ठरवता येईल. खोटी ठरली तर फारच बरं.

घरातल्या मोठ्यांसाठी

मुलांच्या मनातल्या कहाण्यांची पहिली ओळ बऱ्याचदा आपणच लिहितो. "तुझ्या बापालाही गणित येत नव्हतं" हे वाक्य हसत म्हटलेलं असतं, पण मुलगा ते घेऊन वर्गात जातो. त्याऐवजी "कुठल्या उदाहरणात अडलंय, ते दाखव" म्हणता येतं. स्वतःला येत नसेल तर शेजारच्या आपाकडे पाठवता येतं.

मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला की "जोडीचा मुलगा मिळणार नाही" हे वाक्य येतं. ही काळजी आई-वडिलांच्या मायेतूनच येते, हे मान्य. पण तिचीही तपासणी व्हावी. आपल्याच नात्यातल्या, ओळखीतल्या शिकलेल्या मुलींची यादी करावी. किती जणींची लग्नं खरोखर शिक्षणामुळे अडली? आणि कमी शिकलेल्या किती जणी आज नवऱ्याच्या आजारपणात किंवा तलाकनंतर मुलांना घेऊन एकट्या झगडत आहेत? यादी प्रत्येक घराची वेगळी असेल. पण निर्णय यादी बघून व्हावा, ऐकीव वाक्यावर होऊ नये.

जुमाच्या नमाजनंतर, बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत आपण भेटतोच. तिथे 'कुणाला नाकारलं' याच्या बातम्या लगेच पसरतात. 'कोण निवडलं गेलं आणि त्यासाठी काय केलं' हेही तितक्याच तपशिलाने सांगायला हवं.

कुठे थांबायचं आणि कुठे मदत घ्यायची

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. पोटाला अन्न नाही, घरात मारहाण आहे, डोक्यावर सावकाराचं कर्ज आहे, अशा वेळी विचार बदलण्याआधी परिस्थिती बदलायची मदत लागते. तसंच उदासी आठवडेच्या आठवडे जात नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कागद-पेनावर अवलंबून राहू नये. डॉक्टरांकडे जावं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मनाच्या डॉक्टरकडे गेलं म्हणजे माणूस 'पागल' किंवा ईमानात कच्चा, हीसुद्धा आपण स्वतःला सांगत आलेली एक कहाणीच आहे. ताप आल्यावर दुआही करतो आणि दवाखान्यातही जातो, तसंच हे.

पुढच्या वेळी मोबाइलवर अशी लिंक येईल तेव्हा मनातून तोच जुना आवाज येईल. तो एका दिवसात जाणार नाही. त्याला एवढंच विचारू, "पुरावा काय?" आणि उत्तर येईपर्यंत फॉर्म भरून टाकू. नकार यायचाच असेल तर तो समोरच्याकडून लेखी येऊ दे.